सामना परदेशात, परतीची वाट उपनगरात

परदेशात भरलेली आंतरराष्ट्रीय स्पर्धा प्रत्यक्ष मैदानात बसून पाहणे ही मुंबईच्या उपनगरांत आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या नोकरदार आणि व्यापारी घरांतून माणसे क्रिकेटच्या विश्वचषकासाठी इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला, फुटबॉलच्या विश्वचषकासाठी दोह्याला, भारत-पाकिस्तान सामन्यासाठी दुबईला जातात. जाण्याची तयारी कित्येक महिने आधी सुरू होते. सामन्याची तिकिटे, व्हिसा, राहण्याची सोय, रजा आणि खर्च यांवर घरात चर्चा होते. परतीचा विचार मात्र बहुधा विमानाच्या तिकिटावरच्या एका तारखेपाशी थांबतो. खरे पाहता या प्रवासाचा जास्त बेभरवशाचा भाग परतीचाच असतो. जाण्याचा दिवस स्पर्धेच्या वेळापत्रकावरून ठरतो. परतीचा दिवस संघाच्या हारजितीवर, हवामानावर, मोकळ्या किंवा बंद आकाशमार्गांवर आणि त्या वेळच्या आरोग्यविषयक नियमांवर अवलंबून राहतो. म्हणून परतीचे नियोजन जाण्याइतकेच बारकाईने करावे लागते.

बोटीपासून विमानापर्यंत

भारतीय खेळाडू परदेशी स्पर्धांना जाऊ लागले तेव्हा मुंबईचे बंदर हेच देशाचे दार होते. १० मार्च १९२८ रोजी भारताचा हॉकी संघ ॲमस्टरडॅम ऑलिंपिकसाठी ‘कैसर-ए-हिंद’ या बोटीने मुंबईहून निघाला, तेव्हा त्याला निरोप द्यायला अवघी तीन माणसे आली होती. सुवर्णपदक जिंकून तोच संघ परतला तेव्हा बंदरावर लोकांची झुंबड उडाली. त्या काळी सामान्य माणसाने केवळ सामना पाहण्यासाठी समुद्र ओलांडण्याचा प्रश्नच नव्हता. बोटीच्या प्रवासात आठवडे जात आणि खर्च आवाक्याबाहेरचा होता.

स्वातंत्र्यानंतर विमाने आली, पण परकीय चलन दुर्मीळ होते. त्यावर सरकारचे कडक नियंत्रण होते आणि १९७३च्या ‘फेरा’ कायद्याने ते आणखी आवळले गेले. १९८०च्या दशकात शारजात क्रिकेट रंगू लागले. अरबी समुद्रापलीकडचे हे मैदान मुंबईपासून विमानाने काही तासांवर होते आणि आखातात नोकरी करणाऱ्या नातलगांकडे उतरता येत असल्याने मुंबईकर प्रेक्षक तिथे पोहोचू लागले. पुढे ‘फेरा’च्या जागी १९९९चा ‘फेमा’ कायदा जून २००० पासून अमलात आला आणि २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यक्तींना परदेशी रक्कम पाठवण्याची उदार योजना सुरू केली. तिची आजची मर्यादा एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलर आहे. चलनाची अडचण संपली, सहल कंपन्यांनी सामन्यांच्या तिकिटांसह पॅकेजे आणली आणि परदेशी मैदानांवर तिरंगे वाढत गेले. २३ ऑक्टोबर २०२२ रोजी मेलबर्नला झालेला भारत-पाकिस्तान ट्वेंटी-२० सामना ९०,२९३ प्रेक्षकांनी पाहिला.

मराठी वाचकांसाठी या प्रवासाला एक वाङ्मयीन बाजूही आहे. मुंबई महापालिकेत अभियंता असलेले द्वारकानाथ संझगिरी १९८३च्या विश्वचषकापासून परदेशी मैदानांवर जात राहिले आणि तिथले क्रिकेट, गावे, माणसे त्यांनी मराठीत लिहून घरोघरी पोहोचवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. जे स्वतः कधी लॉर्ड्सला जाऊ शकले नाहीत, अशा असंख्य वाचकांना ते मैदान अशा लेखनातूनच भेटले.

परतीची तारीख संघ ठरवतो

बाद फेरीच्या स्पर्धेत आपला संघ किती दिवस टिकेल हे कोणालाच ठाऊक नसते. तरीही प्रवासी तिकीट काढताना संघ अंतिम फेरीत जाणारच असे धरून चालतात. याची सर्वांत बोचरी आठवण २००७च्या वेस्ट इंडिजमधील विश्वचषकाची आहे. १७ मार्चला बांगलादेशाने आणि २३ मार्चला श्रीलंकेने भारताला हरवले आणि राहुल द्रविडचा संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला. पुढच्या फेरीत १५ एप्रिलला बार्बाडोसमध्ये भारत-पाकिस्तान सामना होईल, या अपेक्षेने अनेकांनी तिकिटे आणि खोल्या आधीच घेऊन ठेवल्या होत्या. पाकिस्तानही गारद झाला आणि त्या दिवशी त्या मैदानावर बांगलादेश आणि आयर्लंड खेळले. ज्यांच्या विमान तिकिटांत बदल करता येत होता ते लवकर परतले, काहींनी जाणेच रद्द केले आणि बाकीच्यांनी परक्या संघांचे सामने पाहत ठरलेली तारीख गाठली.

२०१९ मध्ये इंग्लंडमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपाने आला. मँचेस्टरला भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना पावसामुळे ९ आणि १० जुलै असा दोन दिवस चालला आणि भारत १८ धावांनी हरला. १४ जुलैच्या लॉर्ड्सवरील अंतिम सामन्याची तिकिटे मोठ्या संख्येने भारतीयांच्या हातात होती. न्यूझीलंडचा अष्टपैलू खेळाडू जेम्स नीशम याने तेव्हा भारतीय चाहत्यांना जाहीर विनंती केली, की यायचे नसेल तर तिकिटे अधिकृत मार्गानेच परत विकावीत, म्हणजे खऱ्या क्रिकेटप्रेमींना ती मिळतील. त्या विनंतीत प्रवाशांसाठी व्यवहाराचा सल्लाही आहे. मोठ्या स्पर्धांचे आयोजक तिकिटांच्या फेरविक्रीची अधिकृत सोय देतात. तिचे नियम जाण्यापूर्वीच वाचून ठेवले तर संघ हरल्यावर निदान काही पैसे वाचतात. बाहेरच्या दलालाला विकलेले तिकीट रद्द होण्याची भीती असते आणि काही देशांत तो गुन्हाही ठरतो.

यातून निघणारा नियम सोपा आहे. विमानाचे परतीचे तिकीट तारीख बदलता येईल असे घ्यावे, त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावे लागले तरी चालतील. मुक्कामाचा शेवटचा भाग रद्द करता येण्याजोगा ठेवावा. व्हिसाची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे निदान काही दिवस असावी, कारण राखीव दिवसावर गेलेला सामना किंवा रद्द झालेले विमान मुक्काम वाढवू शकते.

वादळ, पाऊस आणि बंद आकाश

संघ जिंकला तरी परतीची हमी नसते, हे २०२४ मध्ये साऱ्या देशाने पाहिले. २९ जून रोजी बार्बाडोसच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला. दोनच दिवसांत ‘बेरिल’ हे चक्रीवादळ त्या भागात धडकले. अटलांटिक महासागराच्या नोंदींत इतक्या लवकर, म्हणजे जुलैच्या आरंभीच, पाचव्या श्रेणीला पोहोचलेले ते पहिले वादळ. ब्रिजटाऊनचा विमानतळ बंद झाला आणि जगज्जेता संघ, पत्रकार आणि प्रेक्षक सारेच हॉटेलांत अडकले. क्रिकेट मंडळाने एअर इंडियाचे खास विमान मागवले. अडकून पडलेल्या भारतीय पत्रकारांनाही त्यात जागा मिळाली. ४ जुलैच्या पहाटे ते दिल्लीला उतरले आणि त्याच संध्याकाळी बोरिवलीत लहानाचा मोठा झालेला कर्णधार रोहित शर्मा मरीन ड्राइव्हवरच्या अलोट गर्दीतून विश्वचषक घेऊन गेला. सामान्य प्रेक्षकांसाठी खास विमान नव्हते. त्यांना विमानतळ उघडण्याची आणि पुढच्या विमानांत जागा मिळण्याची वाट पाहावी लागली.

कॅरिबियन बेटांवरून मुंबईला थेट विमान नाही. लंडन किंवा अमेरिकेतील एखाद्या शहरातून यावे लागते. इथे एक बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी भारतीय पारपत्रधारकाला व्हिसा लागतो. ब्रिटनमध्येही, सवलतीच्या अटींत न बसणाऱ्यांना, संक्रमण व्हिसा घ्यावा लागतो. मूळ विमान रद्द झाल्यावर कंपनीने दुसऱ्या देशातून जागा दिली आणि त्या देशाचा व्हिसा हातात नसला, तर ती जागा वाया जाते. दूरच्या स्पर्धेला जाताना पर्यायी मार्गावरच्या देशांचे नियमही म्हणूनच पाहून ठेवावेत.

अडथळा कधी परदेशात नसतो, तो घराशीच असतो. इंग्लंडमधील मोठ्या क्रिकेट स्पर्धा जून-जुलैत होतात आणि तोच मुंबईच्या मुसळधार पावसाचा काळ. २०१९च्या विश्वचषकात ३० जूनला भारत-इंग्लंड सामना बर्मिंगहॅमला झाला. १ जुलैच्या रात्री मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर उतरलेले एक विमान पावसात धावपट्टीबाहेर घसरले आणि ती धावपट्टी काही दिवस बंद ठेवावी लागली. त्याच रात्री पावसाने कहर केला होता. २ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझ वेधशाळेत सुमारे ३७५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. विमाने दुय्यम धावपट्टीवर उतरवली गेली, अनेक रद्द झाली, अनेक दुसऱ्या शहरांकडे वळवली गेली. भर म्हणून फेब्रुवारीपासून पाकिस्तानचे आकाश बंद होते. ते १६ जुलैला, म्हणजे अंतिम सामन्यानंतर दोन दिवसांनी, उघडले. तोवर युरोपातून येणाऱ्या अनेक विमानांना लांबचा वळसा घ्यावा लागत होता.

पावसाळ्यात परतणाऱ्याने औषधे, एक कपड्यांचा जोड, चार्जर आणि थोडे भारतीय रुपये हातातल्या पिशवीत ठेवावेत. विमान अहमदाबाद किंवा हैदराबादला वळले तर मोठी बॅग लगेच हाती येत नाही. परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी कामावर हजर व्हायचे ठरवू नये. एक मोकळा दिवस हाताशी असावा.

सहारला उतरल्यावर

मुंबईची जवळपास सारी आंतरराष्ट्रीय विमाने अंधेरी पूर्वेला सहार येथील टर्मिनल २ वर येतात. २०१४ मध्ये ही नवी इमारत सुरू झाली. विमानातून उतरल्यावर आरोग्य तपासणी, इमिग्रेशन, सामान आणि कस्टम्स या क्रमाने बाहेर पडायचे असते.

आरोग्य कक्षाचा संबंध सर्वच प्रवाशांशी येत नाही, पण जिथे येतो तिथे तो टाळता येत नाही. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील अनेक देश पीतज्वराच्या यादीत आहेत. २०१४चा फुटबॉल विश्वचषक आणि २०१६चे ऑलिंपिक ब्राझीलमध्ये झाले आणि ब्राझील त्या यादीत आहे. अशा देशातून येणाऱ्याकडे लसीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र नसेल, तर भारतात त्याला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवता येते. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. करोनाच्या काळात सगळ्याच प्रवाशांना ‘एअर सुविधा’ हा ऑनलाइन फॉर्म भरावा लागे. तो २२ नोव्हेंबर २०२२ पासून बंद झाला, तेव्हा कतारचा फुटबॉल विश्वचषक सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. नियम स्पर्धेच्या मधेच बदलू शकतात, हे यावरून दिसते. परतीच्या आदल्या दिवशी ते पुन्हा तपासणे म्हणूनच गरजेचे.

इमिग्रेशनला भारतीय नागरिकाला आता आगमनाचा कागद भरावा लागत नाही, पारपत्र दाखवले की पुरते. वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी जलद इमिग्रेशनची सोय जानेवारी २०२५ पासून मुंबईतही आहे. ऑनलाइन नोंदणी करून बोटांचे ठसे आणि छायाचित्र दिलेल्या प्रवाशाला स्वयंचलित दारातून जाता येते.

सामानाच्या पट्ट्यावर बॅग आली नाही किंवा फुटून आली, तर तिथून बाहेर पडण्यापूर्वी विमान कंपनीच्या खिडकीवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. माँट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशिराबद्दलची तक्रार २१ दिवसांत करावी लागते. घरी जाऊन सावकाश पाहू म्हणणाऱ्यांचा हक्क अनेकदा या मुदतींमुळेच बुडतो.

कस्टम्सचे नियम हा सर्वांत जास्त गैरसमजांचा विषय. करपात्र काही नसेल तर हिरवा मार्ग, असेल तर लाल मार्ग. २०१६च्या बॅगेज नियमांत परदेशातून येणाऱ्या भारतीय रहिवाशाला माणशी ५० हजार रुपयांपर्यंतच्या वस्तू करमुक्त होत्या. ही रक्कम सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून खरेदीपूर्वी चालू आकडा पाहावा. वापरातले कपडे आणि प्रवासाच्या वस्तू या हिशेबात येत नाहीत. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप वेगळा आणता येतो. कुटुंबातल्या चौघांची सवलत एकत्र करून एक महागडी वस्तू मात्र करमुक्त आणता येत नाही. सपाट पडद्याचा दूरदर्शन संच ऑगस्ट २०१३ पासून या सवलतीत बसत नाही. दुबईच्या सामन्याला जोडून सोने घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, की दागिन्यांची खास सवलत एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून येणाऱ्यांसाठी आहे. आठ-पंधरा दिवसांच्या प्रेक्षकाला ती लागू होत नाही. मैदानाची आठवण म्हणून खेळपट्टीची माती किंवा हिरवळीचा तुकडा आणण्याचा मोह काहींना होतो. माती आणि जिवंत रोपांबरोबर कीड आणि रोगजंतू येतात, म्हणून वनस्पती संगरोध नियमांनी अशा आयातीवर बंदी किंवा कडक निर्बंध आहेत. इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर २०१९च्या कायद्याने संपूर्ण बंदी आहे. महागडा कॅमेरा किंवा लेन्स इथून नेणार असाल तर जातानाच कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना तीच वस्तू नवी खरेदी समजली जात नाही.

शंका असेल तिथे लाल मार्गावर जाऊन विचारणे हाच शहाणपणाचा मार्ग. माहिती लपवून हिरव्या मार्गाने गेल्यास वस्तू जप्त होते आणि दंडही बसतो.

विमानतळापासून घरापर्यंत

टर्मिनल २ उपनगरांच्या मध्यभागी आहे, हे इथल्या प्रवाशाचे भाग्य. दक्षिण मुंबईच्या तुलनेत उपनगरवासी लवकर घरी पोहोचू शकतो. बरीच आंतरराष्ट्रीय विमाने मध्यरात्र ते पहाट या वेळात उतरतात. तेव्हा मेट्रो बंद असते आणि टॅक्सी, ॲपवरची गाडी किंवा रिक्षा हेच साधन उरते. रिक्षा उपनगरातच चालतात, त्यामुळे अंधेरी-घाटकोपरकरांना ती सोय आहे, पण मोठ्या बॅगा असतील तर प्रीपेड टॅक्सी बरी.

दिवसा उतरणाऱ्यांना आता रुळांचा चांगला पर्याय आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो ३ चा पहिला टप्पा सुरू झाला आणि टर्मिनल २ ला स्वतःचे स्थानक मिळाले. तिथून मरोळ नाक्याला मेट्रो १ मिळते. २०१४ मध्ये सुरू झालेली ही ११.४ किलोमीटरची वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्गिका एका बाजूला अंधेरीला आणि दुसऱ्या बाजूला घाटकोपरला नेते. मुलुंडकरांनी घाटकोपरला उतरून मध्य रेल्वेची धीमी लोकल घ्यावी. विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर आणि मग मुलुंड. बोरिवली पूर्वेला जाणाऱ्याने मेट्रो १ वरून पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकावर उतरावे आणि गुंदवलीहून मेट्रो ७ घ्यावी. मागाठाणे, देवीपाडा आणि राष्ट्रीय उद्यान ही स्थानके बोरिवलीकरांच्या सोयीची आहेत. रस्त्याने मुलुंड गाठताना मरोळ, साकीनाका, पवईवरून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता धरला जातो. सकाळी नऊनंतर तो तुडुंब भरतो. दहा-बारा तासांच्या विमानप्रवासानंतर स्वतः गाडी चालवत घरी जाणे टाळावे. झोपेअभावी प्रतिक्रिया मंदावतात आणि महामार्गावर क्षणाची चूकही महागात पडते.

शरीराचे घड्याळ

घरी पोहोचल्यावरही शरीर काही दिवस स्पर्धेच्या देशातच असते. झोप, भूक आणि शरीराचे तापमान यांचे चक्र मेंदूतले एक घड्याळ चालवते आणि ते मुख्यतः उजेडावरून वेळ जुळवते. दोह्याची वेळ मुंबईच्या अडीच तास, दक्षिण आफ्रिकेची साडेतीन तास, उन्हाळ्यातल्या लंडनची साडेचार तास, तर बार्बाडोस आणि उन्हाळ्यातल्या न्यूयॉर्कची साडेनऊ तास मागे असते. ऑस्ट्रेलियाच्या उन्हाळ्यात मेलबर्न साडेपाच तास पुढे असते.

माणसाचे आतले घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालते. दिवस लांबवणे त्याला सोपे जाते, आखडणे अवघड. पश्चिमेकडून भारतात येताना दिवस आखडतो, म्हणून इंग्लंड किंवा अमेरिकेहून परतल्यावर रात्री झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. ऑस्ट्रेलियाहून परतणाऱ्याला संध्याकाळी सहालाच पेंग येते आणि पहाटे तीनला जाग येते. साधारणपणे एका तासाच्या फरकाला एक दिवस, असा पूर्वेकडच्या प्रवासाचा ढोबळ हिशेब धरतात. दिवसा बाहेरच्या उजेडात वावरावे, दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत ठेवावी, संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळावी, जेवण मुंबईच्या वेळेला आणि हलके घ्यावे. मऊ भात, वरण, ताक असे साधे जेवण अशा दिवसांत पोटाला मानवते. ओरडून बसलेल्या घशाला मौन आणि कोमट पाणी पुरते. आवाज तीन आठवड्यांत सुधारला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.

विमानात तासन्‌तास एका जागी बसल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. वयस्क, गरोदर स्त्रिया आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी जास्त जपावे. परतल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा श्वास लागला, तर थकवा समजून घरी बसू नये. तात्काळ रुग्णालयात जावे.

ताप आल्यास डॉक्टरांना परदेशप्रवास आवर्जून सांगावा. मुंबईत पावसाळ्यात हिवताप, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस यांचे रुग्ण भरपूर असतात, त्यामुळे तापाचे कारण इथलेच धरले जाण्याची शक्यता मोठी असते. घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर, बोरिवलीचे भगवती ही पालिकेची रुग्णालये उपनगरवासीयांच्या जवळची आहेत. हिवतापाच्या प्रदेशात जाताना प्रतिबंधक गोळ्या दिल्या असतील तर त्या घरी आल्यावरही चालू ठेवाव्या लागतात. औषधानुसार हा काळ एक ते चार आठवड्यांचा असतो.

मोठ्या गर्दीचा आणि संसर्गाचा संबंध ८ मार्च २०२० रोजी मेलबर्नला दिसला. महिलांच्या ट्वेंटी-२० विश्वचषकाचा भारत-ऑस्ट्रेलिया अंतिम सामना ८६,१७४ प्रेक्षकांनी पाहिला आणि त्यांतल्या एकाला करोना झाल्याचे नंतर निष्पन्न झाले. त्या प्रेक्षकाच्या आसपास बसलेल्यांना लक्षणांवर लक्ष ठेवण्याची सूचना मिळाली. दोन आठवड्यांनी भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबवली. कोणत्या विभागात, कोणत्या रांगेत बसलो होतो हे सांगणारे तिकीट काही आठवडे जपून ठेवणे, हे आठवणीपलीकडेही उपयोगाचे आहे.

हिशेब आणि कागद

घरी आल्यावरच्या पहिल्या पंधरवड्यात पैशांचे काम उरकावे. उरलेले परकीय चलन १८० दिवसांच्या आत बँकेत किंवा अधिकृत चलन व्यापाऱ्याकडे द्यावे लागते. पुढच्या प्रवासासाठी दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात आणि नाण्यांना मर्यादा नाही. परदेशी सहलीच्या पॅकेजवर कंपनीने गोळा केलेला कर, म्हणजे टीसीएस, हा वाया गेलेला खर्च नव्हे. तो प्रवाशाच्या पॅनवर जमा होतो आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्रात त्याची वजावट किंवा परतावा मिळतो. अनेक जण ही रक्कम मागायलाच विसरतात. प्रवास विम्याच्या दाव्यासाठी बोर्डिंग पास, विमान रद्द झाल्याचे पत्र, डॉक्टरांची बिले आणि सामानाच्या तक्रारीची प्रत लागते. पावसाने धुऊन गेलेल्या सामन्याचा परतावा आयोजकांच्या अटींनुसार मिळतो. २०१९ मध्ये नॉटिंगहॅमचा भारत-न्यूझीलंड साखळी सामना एकही चेंडू न टाकता वाया गेला, तेव्हा या अटींचे महत्त्व पुष्कळांना कळले.

सोबत काय आणायचे

स्पर्धा पाहून आलेल्या माणसाला काही दिवस उदास वाटणे स्वाभाविक आहे. महिनोन्‌महिने ज्याची वाट पाहिली ते संपलेले असते आणि गर्दीचा जल्लोष एकदम थांबलेला असतो. संघ हरला असेल तर ही खंत अधिक टोचते. ती चार लोकांत बोलल्याने हलकी होते. इमारतीतल्या मुलांना, वाचनालयात, क्रीडामंडळात पाहिलेले सांगितले तर एकाने पाहिलेला सामना शंभरांचा होतो.

सांगण्यासारखे खेळापलीकडेही असते. जपानी प्रेक्षकांनी २०२२च्या कतार विश्वचषकात सामन्यानंतर स्वतः पिशव्या घेऊन स्टेडियममधला कचरा उचलला आणि साऱ्या जगाने त्यांचे कौतुक केले. दोह्यात सामन्याच्या प्रेक्षकांना मेट्रो मोफत होती. मेलबर्नला मैदानाच्या दाराशी रेल्वे आणि ट्राम येते. चाकाच्या खुर्चीवरच्या प्रेक्षकाला स्वतंत्र जागा, लहान मुलांसाठी पाण्याची सोय, महिलांसाठी पुरेशी स्वच्छतागृहे या गोष्टी परदेशी मैदानात पाहून आलेला माणूस आपल्याकडच्या उणिवा नेमक्या दाखवू शकतो. अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडासंकुलातील मैदानावर २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई चषक फुटबॉल स्पर्धेचे सामने झाले. आंतरराष्ट्रीय स्पर्धा उपनगरातही येतात. त्या वेळी इथला प्रेक्षक कसा वागतो आणि इथली व्यवस्था त्याच्याशी कशी वागते, यावर शहराचे नाव ठरते.

२०२७चा एकदिवसीय विश्वचषक दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात होणार आहे, आणि २०२८ मध्ये लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये १९०० नंतर प्रथमच क्रिकेट खेळले जाणार आहे. उपनगरांतून अनेक जण तिथे जातील. त्यांनी जाण्याचे तिकीट काढण्याआधी परतीचा विचार करावा: बदलता येणारी तारीख, पुरेशा मुदतीचा व्हिसा, लसीचे प्रमाणपत्र, विम्याचे कागद आणि घरी विसाव्याचा एक दिवस. आणि परतल्यावर, मैदानावर जे चांगले पाहिले त्यातली एखादी तरी गोष्ट आपल्या वस्तीच्या मैदानावर रुजवावी. परदेशी सामन्यासाठी मोजलेल्या पैशाचे आणि घेतलेल्या कष्टांचे सार्थक त्यातच आहे.